दोन गावं, दोन सावल्या आणि पृथ्वीचा घेर: कुठलं काम समोरासमोर, कुठलं फोनवर

पृथ्वीचा घेर मोजायला एक काठी पुरत नाही, दोन लागतात, आणि त्या एकमेकींपासून चार-साडेचारशे किलोमीटर तरी लांब हव्यात. म्हणजे एका वर्गात बसून हा प्रयोग होत नाही, आणि नुसतं लॅपटॉपसमोर बसूनही होत नाही कारण उन्हात उभं राहून सावली मोजायला कोणीतरी लागतंच. लॉकडाऊनपासून "ऑनलाइन प्रयोग बरे की समोरासमोरचे" हा वाद ऐकून ऐकून कान किटलेत, आणि ज्यांना खरंच समजून घ्यायचंय त्यांना मी सांगतो की वाद सोडा, हा एक प्रयोग करा, दोन्ही पद्धतींची कुवत आपोआप कळते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समोरासमोर काम झटपट होतं पण त्यातलं निम्मं बोललंच जात नाही, बोटाने दाखवलं की भागतं. ऑनलाइन सगळं सावकाश होतं, वैताग येतो, पण प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावी लागते आणि लिहावी लागते. हाताने करायच्या विज्ञानात हे दोन्ही लागतं, फक्त कुठल्या टप्प्यावर कुठलं ते कळलं पाहिजे. खालचं सगळं नवख्या शिक्षकांसाठी, पालकांसाठी, सोसायटीत किंवा गावात पोरांचा विज्ञान गट चालवणाऱ्यांसाठी आहे. सातवी ते दहावीची मुलं धरलीयेत.

मूळ कल्पना, पटकन

साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिस नावाचा माणूस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात होता. दक्षिणेला सायीन म्हणजे आजचं आस्वान, तिथे उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, विहिरीच्या तळाला ऊन पडतं, हे त्याला माहीत होतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती, उभी वस्तू आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन ७.२ अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. सूर्याचे किरण दोन्हीकडे समांतरच येतात, मग हा कोन पडतो तो पृथ्वीच्या गोलाईमुळे, म्हणजे दोन गावांमधलं अंतर हाही घेराचा पन्नासावा भाग. ते अंतर ५,००० स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं माप), त्याला ५० ने गुणलं, झाला पृथ्वीचा घेर. आपण हेच करायचं, फक्त विहीर नको. दोन्हीकडे सावली पडली तरी चालते, दोन कोनांची वजाबाकी केली की झालं.

पायरी १: जोडीदार शोधा

इथे लोक पहिली गडबड करतात. जोडीदार पूर्व-पश्चिम लांब असून उपयोग नाही, उत्तर-दक्षिण लांब हवा. मुंबई आणि अहिल्यानगर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्हीकडची सावली सारखीच येणार, घेर काढताना शून्याने भागायची वेळ येईल. मुंबई-पुणेही नको, फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. चार अंश तरी फरक असू द्या.

माझी आवडती जोडी नाशिक आणि पणजी. नाशिक २० अंश उत्तर, पणजी साधारण १५.५, आणि मजा म्हणजे दोघांचं रेखांश जवळपास एकच, ७३.८. त्यामुळे दोन्हीकडे सूर्य एकाच मिनिटाला सगळ्यात वर येतो. पणजीत ओळखीचं कोणी नसेल तर सावंतवाडी घ्या, तीही त्याच रेषेवर आहे. बेळगाव-इंदूर ही जोडीपण छान, फरक जवळजवळ सात अंशांचा आणि दोन्हीकडे मराठी घरं भरपूर. कोणाचे काका दिल्लीत आणि आत्या बेंगळुरूत असेल तर मग काय विचारता, साडेपंधरा अंश मिळतात.

जोडीदार शोधायला सोशल मीडियावर पोस्ट टाकत बसू नका. बदली होऊन गेलेले शिक्षक, मामाचं गाव, मावसभाऊ, असं बघा. ओळखीतला जोडीदार घ्या असं म्हणतोय त्याला कारण आहे, पुढे आकडे जुळले नाहीत की तुम्हाला समोरच्याला "तुमचं चुकलंय का बघता का" असं म्हणावं लागणार आहे, आणि अनोळखी माणसाला हे व्हॉट्सॲपवर म्हणणं फार अवघड जातं.

दोन्हीकडच्यांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप कराल त्यात नंबर मोठ्यांचेच ठेवा. मुलांचे नंबर, मुलांचे चेहरे दिसणारे फोटो टाकायचे नाहीत, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका. सावलीचा फोटो हवाय, पोरांचा नाही.

पायरी २: दिवस आणि वेळ

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येऊन सावलीच पडत नाही तो, ऐकायला भारी वाटतो, पण आपल्याकडे तो मे महिन्यात येतो, गोव्याकडे महिन्याच्या सुरुवातीला आणि नाशिकला २० तारखेच्या आसपास. तेव्हा शाळांना सुट्टी. तोच दिवस परत येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा कोकणात सूर्य दिसला तर नशीब. म्हणून तो नाद सोडा आणि डिसेंबर घ्या. आभाळ मोकळं असतं, सावल्या लांब पडतात आणि उन्हात उभं राहणं सुसह्य असतं.

डिसेंबरचा अजून एक फायदा आहे जो फार कोणी सांगत नाही. २१-२२ डिसेंबरच्या जवळपास सूर्याची दुपारची उंची एका दिवसात जेमतेम बदलते. समजा एकीकडे ढग आले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी मोजलं तरी फारसं बिघडत नाही. हेच मार्चमध्ये केलंत तर सूर्य एका दिवसात जवळपास ०.४ अंश सरकतो, म्हणजे एका दिवसाच्या फरकाने घेरात तीन हजार किलोमीटर इकडचे तिकडे होतात. विषुवदिनाला हा प्रयोग जगभरातल्या शाळा करतात ते ठीकच आहे, पण मग दोन्हीकडे तोच दिवस साधावाच लागतो. नवख्यांनी १० ते २० डिसेंबर धरावं. त्यानंतर गोव्यात ख्रिसमसच्या सुट्ट्या, तिकडचं कोणी भेटत नाही.

आता वेळ. सूर्य डोक्यावर म्हणजे बारा वाजता, हे डोक्यातून काढून टाका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, आणि नाशिक-पणजी त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून तिथे मध्यान्ह साधारण पस्तीस मिनिटं उशिरा, त्यात महिन्याप्रमाणे थोडी कमी-जास्त. १८ डिसेंबरला १२:३१ च्या आसपास, जानेवारीच्या मध्यावर १२:४४, फेब्रुवारीत १२:५० च्या जवळ. जोडी वेगळ्या रेखांशावरची असेल तर प्रत्येकाने आपापल्या मध्यान्हाला मोजायचं, एकाच घड्याळी वेळेला नाही. हा मुद्दा फोनवर समजावताना हमखास गोंधळ होतो, त्यामुळे दोघांच्या सामायिक गूगल शीटमध्ये सरळ लिहा "तुमची वेळ अमुक, आमची तमुक".

हे सगळं ठरवायला भेटायची गरज नाही. तारीख, वेळ, अक्षांश, काठीची उंची, अशी कोरडी माहिती ऑनलाइनच बरी, एक गूगल शीट उघडा आणि दोन्हीकडच्यांनी भरा. यासाठी व्हिडिओ कॉल लावाल तर अर्धा तास "आवाज येतोय का" मध्ये जाईल.

पायरी ३: रंगीत तालीम, आपापल्या अंगणात

ही पायरी पूर्णपणे समोरासमोरची आणि इथे घाई करायची नाही. निदान दोन दुपारी द्या. एका काठीला चार-पाच मुलं, त्याहून जास्त नको, कारण दहा मुलं असली की दोघं हात लावतात आणि आठ जण बघतात, हा आपल्या शाळांतल्या प्रयोगांचा जुनाच रोग आहे. कामं वाटा: एक ओळंबा सांभाळणार, एक मोजणार, एक घड्याळ बघून वेळ सांगणार, एक लिहिणार. दर दहा मिनिटांनी कामं बदला, नाहीतर लिहायचं काम दरवेळी ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याच गळ्यात पडतं आणि तो शेवटपर्यंत सावलीला हातच लावत नाही.

सामान साधं. एक मीटरची सरळ काठी किंवा पाइप, वाळू भरलेली बादली, स्टीलची टेप, ओळंबा, आणि सावली पडायला सपाट फळी किंवा प्लायवूड. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. ओळंबा गवंड्याकडे मिळतो, नाहीतर दोऱ्याला नट बांधा. फळी सपाट आहे का ते बघायला लेव्हल पट्टी, ती नसेल तर एक गोटी ठेवून बघा कुठे पळते. आणि हो, गच्ची सपाट असते असं समजू नका, पाणी जायला तिला उतार दिलेला असतो.

मुलांना आधी काठी नुसती उभी करू द्या आणि मोजू द्या. मग त्यांनाच विचारा, काठी सरळ आहे का? नाशिकच्या एक मीटरच्या काठीचं वरचं टोक पावणेदोन सेंटिमीटर सावलीच्या बाजूला कललं, जे डोळ्याला कळतही नाही, तर नाशिक-पणजी जोडीत घेर चार हजार किलोमीटरने कमी येतो. यावर उपाय सोपा आहे. काठीच्या बुंध्यापासून मोजूच नका. काठीच्या टोकावरून ओळंबा सोडा, तो फळीवर जिथे टेकतो तिथे खूण करा, आणि तिथून सावलीच्या टोकापर्यंत मोजा. टोकाची उंचीही त्याच दोऱ्यावरून मोजा. आता काठी वाकडी का असेना.

हे वाचून समजतं पण वाचून येत नाही. दोरा वाऱ्याने हलतो, तो बोटाने हळूच थांबवायचा असतो, टेप फळीला टेकवताना मोजणाऱ्याच्या डोक्याचीच सावली पडते, टेपच्या हुकचा थोडा खेळ असतो. मोठ्या मुलीने छोट्याचा हात धरून दोरा कसा थांबवायचा दाखवला की अर्ध्या मिनिटात काम होतं, आणि तेच व्हिडिओत दाखवायला गेलात तर तीनदा बघूनही जमत नाही. हात शिकतो तो शेजारच्या हाताकडे बघून. एवढ्यापुरता समोरासमोरला पर्याय नाही, मग कोणी कितीही चांगला कॅमेरा आणा.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, टोप्या घालायच्या, पाणी जवळ ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको पण सांगितलं.

पायरी ४: पहिला व्हिडिओ कॉल, विषय एकच

तालमीत एक भांडण नक्की होतं. सावली नेमकी संपते कुठे? एक म्हणतो इथे, दुसरा म्हणतो इथे नाही, तिथे. भांडण खरं आहे. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश आहे, त्यामुळे सावलीचं टोक धारदार नसतं, काळं, मग राखाडी, मग काही नाही, आणि एक मीटरच्या काठीला डिसेंबरच्या दुपारी हा राखाडी पट्टा दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा पडतो.

एका अंगणात याने काही बिघडत नाही. पोरं बोट ठेवतात, "इथे" ठरतं, काम पुढे जातं. कोणी विचारत नाही की "इथे" म्हणजे काळ्याचा शेवट की राखाडीचा. पण तिकडे पणजीत दुसऱ्या पोरांनी दुसरं "इथे" ठरवलेलं असतं. एका बाजूने काळं संपतं तिथे मोजलं आणि दुसरीने राखाडी संपतं तिथे, तर कोनात अर्ध्या अंशाचा फरक पडतो आणि पृथ्वी एकदम ३६ हजारांची होते, नाहीतर ४५ हजारांची. दोन्ही बाजूंनी एकच पद्धत वापरली, मग ती कुठलीही असो, तर चूक दोन्हीकडे जवळपास सारखी होते आणि वजाबाकीत बरीचशी उडून जाते.

म्हणून पहिला कॉल ओळखपाळख करायला नको, या एका प्रश्नासाठी ठेवा. आधी दोन्हीकडून सावलीच्या टोकाचा जवळून फोटो ग्रुपवर टाका, बाजूला पट्टी ठेवून. मग कॉलवर मुलांनीच एकमेकांना सांगायचं की आम्ही कुठे मोजतो. इथे बोट दाखवून भागत नाही, शब्द शोधावे लागतात, "जिथून खाली काढलेली पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसायला लागते तिथे" अशी वाक्यं मुलं स्वतः तयार करतात. मग ठरलेलं वाक्य शीटच्या पहिल्या ओळीत लिहायचं. एरवी प्रयोगवहीत कृती लिहा म्हटलं की पोरं पुस्तकातून उतरवतात, इथे त्यांना खरंच गरज पडते म्हणून लिहितात. लांबचा जोडीदार असण्याचा माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा, इंटरनेट, ॲनिमेशन वगैरे नंतर.

त्यानंतर, आधी नाही, त्यांना युक्ती सांगा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, मध्ये तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, तो काठीच्या टोकाला आडवा बांधा. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा छोटा लांबट ठिपका पडतो, ते सूर्याचंच चित्र असतं. ठिपक्याच्या मधोमध खूण करायची, आणि ओळंबा भोकावरून सोडायचा. काळं-राखाडीचं भांडण मिटतं. पण भांडण न होताच ही युक्ती हातात दिली तर तिची किंमत कळत नाही. पुठ्ठा बसवला की शीटमधलं वाक्य बदलायला विसरू नका, दोन्हीकडे.

पायरी ५: मोजायचा दिवस, कॉल बंद

लोकांना वाटतं त्या दिवशी लाइव्ह व्हिडिओ हवाच, दोन्हीकडची पोरं एकमेकांना बघतील, किती छान. नका करू. दुपारी साडेबाराच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, फोन तापतो, नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं, आणि सगळी पोरं सावलीकडे पाठ करून स्क्रीनला हात हलवत बसतात. सुरुवातीला एक मेसेज "आम्ही तयार", तिकडून एक अंगठा, बास.

१२:१० ला सुरू करा, दर पाच मिनिटांनी खूण, १२:५० पर्यंत. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हाची. ऐन मध्यान्हाच्या पाच मिनिटं आधी-नंतर सावलीची लांबी जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे एखादं मिनिट हुकलं म्हणून रडायचं कारण नाही. आकडे आधी वहीत पेन्सिलने लिहायचे, फोनमध्ये नाही. खोडलेला आकडाही दिसू द्या, एक रेघ मारायची फक्त.

आणि एक कडक नियम: दोन्हीकडचं मोजून संपेपर्यंत आकडे ग्रुपवर टाकायचे नाहीत. एकीकडून "९४.५" आला की दुसरीकडच्यांना वाटतं आपलाही त्याच्या आसपास पाहिजे, मग टेप थोडी इकडे, थोडी तिकडे. हे मुद्दाम लबाडी म्हणून होत नाही, आपोआप होतं. एका वर्गात दोन गट असतील तर हा नियम पाळणं अशक्य, शेजारच्या गटाची वही दिसतेच, कोणीतरी ओरडून आकडा सांगतोच. लांब असल्याचा हा फायदा फुकट मिळतो, तो घालवू नका.

पायरी ६: हिशोब

समजा १८ डिसेंबर, दोन्हीकडे उंची १०० सेंटिमीटर. नाशिकला सावली ९४.५, पणजीला ८०.६. सावली भागिले उंची, त्याचा टॅन इन्व्हर्स, फोनचा कॅल्क्युलेटर आडवा केला की बहुतेक फोनमध्ये बटण मिळतं. नाशिक ४३.४ अंश, पणजी ३८.९, फरक साधारण ४.५. उत्तर-दक्षिण अंतर ५०० किलोमीटर. ५०० ला ४.५ ने भागा, ३६० ने गुणा, ४०,०००. खरा आकडा ध्रुवांवरून जाणाऱ्या वर्तुळाचा ४०,००८, तेव्हा एवढं जवळ आलं तर पोरं नाचतात.

बहुतेक वेळा एवढं जवळ येत नाही. नाशिकची सावली एका सेंटिमीटरने जास्त मोजली गेली, ९४.५ ऐवजी ९५.५, की घेर एकदम अडीच हजार किलोमीटरने कमी. हे मुलांना सांगू नका, शीटमध्ये आकडा बदलून बघायला लावा, दोन्हीकडची मुलं एकाच शीटमध्ये आकडे हलवून बघतात तेव्हा जे समजतं ते फळ्यावर समजावून होत नाही. त्रिकोणमिती न झालेल्या मुलांनी जमिनीवर खडूने खऱ्या मापाचा त्रिकोण काढावा आणि कोनमापकाने कोन मोजावा. अर्ध्या-एक अंशाची चूक होणार, होऊ द्या. ३५ हजार आले तरी सातवीतल्या पोराने काठीने पृथ्वी मोजलीच की.

पायरी ७: आकडे जुळले नाहीत, आता काय

आता खरा प्रयोग सुरू होतो. पहिली प्रतिक्रिया दोन्हीकडे एकच, "तिकडच्यांचंच चुकलं". समोरासमोर असते तर पाच मिनिटांत मिटलं असतं, पण कसं मिटलं असतं तेही बघा, ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा बरोबर, किंवा सरांनी मान हलवली तो बरोबर. ऑनलाइन तो दबाव कमी असतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी शीटच्या कमेंटमध्ये नीट लिहिते की "१२:२५ आणि १२:३० चे आकडे सारखेच आहेत, उतरवले तर नाहीत ना?"

पण ऑनलाइनची दुसरी बाजू म्हणजे वाद विझतो. निळ्या टिक येतात, उत्तर येत नाही. तिकडे परीक्षा असते, गॅदरिंग असतं, आणि मग विषय संपतो. समोर असलेल्या माणसाला टाळता येत नाही, लांबच्याला येतं. त्यावर उपाय एकच, दुसऱ्या कॉलची तारीख मोजायच्या आधीच ठरवून ठेवा, आकडे आल्यावर दोन दिवसांत. आणि त्या कॉलला आरोप नको, प्रत्येक बाजूने आपल्याच मांडणीतली सगळ्यात कच्ची जागा सांगायची. "आमची फळी थोडी हलत होती." "आमच्याकडे वारा होता, ओळंबा स्थिर राहत नव्हता." मोठ्यांनी सुरुवात केली की पोरंही बोलतात.

मग दोघांनी परत मोजायचं, शक्यतो त्याच आठवड्यात. आकडा सुधारला तर छान. नाही सुधारला तर शीटमध्ये तसंच लिहून ठेवा.

एक प्रश्न येणारच

कोणीतरी हुशार पोर विचारेल की ते ५०० किलोमीटर आपण नकाशावरून घेतले, आणि नकाशावाल्यांना पृथ्वीचा घेर आधीच माहीत आहे, मग आपण मोजलं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे, तो उडवून लावू नका. रस्त्याचं अंतर वापरून बघा म्हणा, घाटाच्या वळणांमुळे ते कितीतरी जास्त निघतं आणि पृथ्वी फुगते.

मग त्यांना सांगा की नकाशातल्या अंतरांमागे कोणीतरी जमिनीवर साखळ्या टाकल्या होत्या. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू, मोजली आणि तिथून त्रिकोणांवर त्रिकोण रचत मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. लॅम्बटन १८२३ मध्ये वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, त्याचं थडगं तिथेच आहे. पुढे त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्या कामातही डोंगरावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस आणि लांब दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस यांच्यात आधी सगळं ठरलेलं असावं लागायचं, कारण मध्येच हाक मारून विचारायची सोय नव्हती. विदर्भातला गट असेल तर हिंगणघाटला सहल काढायला हरकत नाही, तिथे उभं राहून ही गोष्ट सांगितलेली पोरांना लक्षात राहते.

हाच हिशोब बाकीच्या प्रयोगांना लावायचा तर

रसायनांचं काम, टायट्रेशन वगैरे, समोरासमोरच. एक थेंब जास्त पडून रंग कधी पालटतो ते बघायला आणि आम्ल सांडलं तर धावायला माणूस जवळ हवा. विजेच्या सर्किटचंही तसंच, सैल जोड बोटाला कळतो, कॅमेऱ्याला नाही.

सूक्ष्मदर्शकाचं मात्र उलट आहे. एका नळीतून एका वेळी एकच जण बघणार, बाकीचे रांगेत, आणि "दिसलं का?" ला सगळे "हो" म्हणतात. भिंगाला फोनचा कॅमेरा लावा, कागदी फोल्डस्कोपलाही लावता येतो, आणि चित्र सगळ्यांना एकदम दाखवा. शेजारी बसलेल्यांनाही स्क्रीनवरच जास्त दिसतं, मग नाशिकच्या तळ्यातलं पाणी पणजीच्या पोरांनी बघायला काय हरकत आहे.

हरभरे-मूग उगवणं, पाऊस मोजणं, झाडाला मोहोर कधी आला याच्या नोंदी, असली संथ कामं ऑनलाइन जोडीदाराबरोबर फार छान चालतात, कारण दोन हवामानांची तुलना होते आणि रोज भेटायची गरजही नसते. आठवड्यातून एक फोटो, एक आकडा. फक्त दोन्हीकडे बी एकाच पुडीतलं आणि कुंडीत माती एकाच ठिकाणची घ्या, एकाने दुसऱ्याला कुरिअरने पाठवा.

राहिली सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवरचे नकली प्रयोग. फेट या वेबसाइटवर मराठीतही बरीच आहेत, फुकट आहेत, आणि सावलीसाठी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तारीख-गाव टाकून सूर्याची उंची आधीच बघता येते. पण ती मोजायच्या आदल्या दिवशी उघडायची नाहीत. उत्तर आधी दिसलं की पोरं टेप त्या उत्तरापर्यंत ओढतात. मोजून झालं, हिशोब झाला, दुसरा कॉल झाला, की मग उघडा आणि आपली सावली किती सेंटिमीटरने चुकली ते दोन्ही गटांना आपापलं शोधू द्या.